प्रश्न विचारणाऱ्या सदस्यांसाठी सूचना

सर्व सदस्यांस कळविण्यात येते की, संगीत वा क्रीडाविषयक प्रश्न ऑनलाइन अनोळखी जाणकारांपुढे ठेवताना तो नेमका मांडावा. ‘पहिला विश्वचषक कोणी जिंकला?’ एवढेच विचारल्यास फुटबॉलचा जाणकार १९३० चा उरुग्वे सांगेल, क्रिकेटचा १९७५ चा वेस्ट इंडिज. आणि महिला क्रिकेटचा विश्वचषक त्याआधीच, १९७३ मध्ये, इंग्लंडने जिंकला होता, हे तर अनेकांच्या ध्यानीही नसते. तिन्ही उत्तरे बरोबर असूनही वाद मात्र पेटतो. गाण्याबाबत गायक हवा की संगीतकार, हे लिहावे. चालू प्रश्नमंजूषा स्पर्धेतील प्रश्न कृपया विचारू नयेत. इतर स्पर्धकांवर तो अन्याय आहे. मिळालेले उत्तर कशाच्या आधारे दिले, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.