पिशवीचं माप आणि एप्रिलचं ऊन

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, बाबांना तहान लागते म्हणून तू तासातासाला माठातलं पाणी देतेस, ते आधी बदलूया. ऑपरेशनमध्ये बाबांच्या पोटावर काढलेलं तोंड (स्टोमा) लहान आतड्याचं आहे, मल तिथूनच पिशवीत येतो. उरलंसुरलं पाणी-मीठ शोषणारं मोठं आतडं सध्या वाटेतच येत नाही, त्यामुळे मीठ थेट पिशवीत जातं. त्यात नुसतं पाणी ढोसलं की ते आतड्यातलं मीठ आणखी ओढतं. पिशवी भरते आणि तहान तशीच राहते. नाशिकच्या एप्रिलमध्ये घामाची भर वेगळीच. या ऑपरेशननंतर लोक पुन्हा ॲडमिट होतात त्याचं एक मोठं कारण हेच, आणि त्यात किडनीला फटका बसतो.

म्हणून एक मापाचा जग फक्त यासाठी ठेवा. पिशवी रिकामी करताना दर वेळी आकडा वहीत लिहा. 24 तासांत 500 मिली ते 1 लिटर ठीक. दीड लिटरच्या वर गेलं, लघवी गडद आणि थोडी झाली, उठताना चक्कर आली किंवा पोटऱ्यांत गोळे आले, तर त्याच दिवशी सर्जनना फोन. ओआरएसचं 1 लिटरचं पाकीट अख्खं 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच घालायचं, अंदाजाने अर्धं नको. घोट घोट प्या, 24 तासांनी उरलेलं ओतून द्या. गोड टेट्रापॅक त्याला पर्याय नाही. लोपरामाइड (आतड्याची हालचाल मंदावणारी गोळी) दिलं असेल तर जेवणाआधी अर्धा तास. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, हेही विचारून घ्या.

बाबा, द्राक्षं सध्या नकोत. साल पचत नाही, स्टोमाच्या तोंडाशी अडकते. चिवड्यातले शेंगदाणे, मका, ओलं खोबरं, संत्र्याच्या फोडीवरची सालं यांचंही तेच. पिशवीत काहीच येईना, पोट फुगलं, कळा आणि उलटी सुरू झाली, तर लोपरामाइड न देता थेट हॉस्पिटल.

स्टोमाचं तोंड सहा-आठ आठवडे आकसत जातं, म्हणून फ्लँजचं (पिशवीच्या कातडीला चिकटणाऱ्या चकतीचं) भोक दर आठवड्याला मोजून कापा, तोंडापेक्षा 2-3 मिमी मोठं. ढिलं राहिलं की पातळ मल कातडीवर बसतो, कातडी सोलते, मग फ्लँज चिकटत नाही. साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा. डेटॉल, तेल, पावडर काही नको (नर्सने दिलेली स्टोमा पावडर सोडून). पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा. तोंड लालगुलाबी हवं. जांभळं-काळं दिसलं तर थांबू नका.

खालून, म्हणजे गुदद्वारातून, थोडा चिकट स्राव येणं चालतं. पण ताप, थंडी, वाढती पोटदुखी, धडधड किंवा खालून पू आला, तर आतड्याची टोकं शिवून केलेला आतला जोड गळतोय असं धरून हॉस्पिटलला निघा. गुदद्वारातून एनिमा, सपोझिटरी काहीही घालू द्यायचं नाही, मग सांगणारा कितीही ओळखीचा असो. एकाच पायाची पोटरी सुजली-दुखली किंवा अचानक दम लागला, तर रक्ताच्या गुठळीची शंका. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सांगितलेल्या दिवसांपर्यंत पुरी करा. सिलिंडर, बादली अजून दोन महिने नाही.

सोमवारी तपासणीला जाताना वही आणि उरलेल्या गोळ्या दोन्ही सोबत न्या. जोडाचा तपास कधी आणि पिशवी बंद कधी, एवढं विचारून या.

तुमची,
मनू