टाकीतला फ्लोट महिन्यातून एकदा हाताने उचलून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा आला की आपल्या पेपरात पाणीकपातीच्या बातम्या येतात, टँकरचे रेट येतात, धरणात किती टक्के साठा उरला तो चौकोन रोज असतो आणि ते सगळं बरोबरच आहे, पण सकाळी पाणी यायच्या टायमाला कुठल्याही कॉलनीतून चक्कर मारा, एखाद्या तरी बिल्डिंगच्या गच्चीवरून ओव्हरफ्लोचा पाइप धो धो वाहताना दिसतोच. खाली वॉचमन नसतो, असला तर तो गाड्या पुसत असतो, आणि मोटर चालूच. तासाला तीन हजार लिटर उचलणारी मोटर असेल तर वीस मिनिटांत हजार लिटर गटारात जातं. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात, म्हणजे त्या वीस मिनिटांत सात माणसांचं दिवसाचं पाणी गेलं. केंद्रीय भूजल प्राधिकरणाने 8 ऑक्टोबर 2020 ला पर्यावरण संरक्षण कायद्याखाली आदेशच काढलाय की पिण्याचं पाणी वाया घालवू नये, पण आपल्या सोसायटीत तो कितीजणांना माहीत असेल?

मी केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होतो, इन्स्ट्रुमेंटचं काम, त्यामुळे टाकी भरली की पंप बंद झालाच पाहिजे हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. आणि म्हणूनच वाईट वाटतं, कारण बहुतेक बिल्डिंगमध्ये फ्लोट स्विच बसवलेला असतो! फक्त तो चालतो का हे कोणी बघत नाही. एकदा बसवला, पहिले काही महिने चालला, मग कधीतरी बंद पडला, वॉचमनने स्टार्टर मॅन्युअलवर टाकला आणि तो तसाच राहिला.

हा फ्लोट असतो काय ते आधी सांगतो, म्हणजे सेक्रेटरी मंडळींना इलेक्ट्रिशियनशी बोलता येईल. प्लास्टिकचा पोकळ डबा, आतमध्ये एक स्टीलची गोळी आणि एक छोटा मायक्रोस्विच. पाणी चढलं की डबा तरंगून कलतो, गोळी घरंगळते, स्विच दाबला जातो, टिक आवाज येतो. पाणी उतरलं की डबा लटकतो, गोळी परत फिरते. केबलवर एक वजन सरकवलेलं असतं, त्या वजनापासून डब्यापर्यंत जेवढी केबल मोकळी तेवढा चालू आणि बंदमधला फरक, हे वजन जागेवर नसलं किंवा अगदी डब्याजवळ सरकवलं की मोटर दर दोन मिनिटांनी चालू बंद चालू बंद होते आणि मोटरचं आयुष्य त्यातच संपतं. केबलमध्ये तीन वायरी असतात, एक कॉमन आणि बाकी दोन उलट सुलट, म्हणजे एक पाणी चढल्यावर जोडते आणि दुसरी तोडते. वरच्या टाकीला टाकी भरली की तोडणारी जोडी घ्यायची. तीच घ्यायची, कारण उद्या उंदराने केबल कुरतडली किंवा उन्हाने कडक होऊन तुटली तर मोटर बंद राहील, नळाला पाणी येणार नाही, आणि पाणी आलं नाही की सगळे फ्लॅट लगेच ओरडतात. पाणी वाहून जातं तेव्हा कोणीच ओरडत नाही.

खालच्या टाकीतही एक फ्लोट पाहिजेच आणि तिथेच लोक पैसे वाचवतात. कॉर्पोरेशनचं पाणी कमी प्रेशरने आलं, टँकर उशिरा आला, खालची टाकी रिकामी आणि वरचा फ्लोट मात्र पाणी मागतोय, की मोटर कोरडी फिरत राहते, पंपातून पाणी गळू न देणारं मेकॅनिकल सील तापून जातं, आणि पाण्यात बुडवलेली ओपनवेल मोटर असेल तर तिला थंड ठेवणारं पाणीच नसतं, वायंडिंग जळतं. मग रिवायंडिंगचं बिल, वर दोन दिवस पाणी नाही. दोन्ही फ्लोट सिरीजमध्ये घेतले, खाली पाणी असेल आणि वर जागा असेल तेव्हाच मोटर चालेल, एवढंच करायचंय. खालच्या फ्लोटने मोटर बंद करायची पातळी फूट व्हॉल्व्हच्या, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाच्या व्हॉल्व्हच्या, चांगली वर हवी, नाहीतर मोटर हवा पकडते आणि परत प्रायमिंग करत, म्हणजे पंपात पाणी ओतून हवा काढत, बसावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला मनापासून सांगायचंय. कित्येक ठिकाणी मोटरचा 230 व्होल्टचा करंट सरळ फ्लोटमधून फिरवलेला असतो. हे करू नका हो! एक तर मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच सहा पट करंट ओढते, फ्लोटमधल्या बारक्या कॉन्टॅक्टला तो झेपत नाही, कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटतात आणि मग टाकी कितीही भरली तरी मोटर थांबत नाही. दुसरं म्हणजे ती केबल पाण्यात असते. तिला एक चीर पडली किंवा कोणी टाकीच्या आत टेप लावून जॉइंट मारला असेल तर टाकीतल्या पाण्यातच करंट उतरतो आणि त्या पाण्यात टाकी साफ करणारी पोरं उतरतात. फ्लोटने फक्त 12 किंवा 24 व्होल्टचा रिले, म्हणजे कमी व्होल्टवर चालणारा छोटा स्विच, चालवायचा, रिलेने कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा करंट झेपणारा मोठा स्विच, आणि कॉन्टॅक्टरने मोटर. पंपाच्या लाइनवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. आणि टाकीत माणूस उतरायच्या आधी पंपाचा मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचं, चावी उतरणाऱ्याच्याच खिशात. याला फार खर्च येत नाही, एका मोटरच्या रिवायंडिंगपेक्षा कमीच येईल.

बसवतानाही थोडं लक्ष ठेवा. पाणी टाकीत जिथे पडतं तिथून फ्लोट लांब हवा, नाहीतर तो लाटांवर नाचतो आणि खाली कॉन्टॅक्टर खडखड करतो. शिडीत, इनलेट पाइपात, दुसऱ्या फ्लोटच्या केबलमध्ये अडकणार नाही एवढी मोकळी जागा पाहिजे. काही लोक स्टीलच्या दांड्यांचे सेन्सर लावतात, ते चांगले आहेत पण बोअरच्या पाण्यात त्यांच्यावर क्षार चढतो, घासून काढावा लागतो, आणि दांड्यांना डीसी, म्हणजे बॅटरीसारखा एकाच दिशेचा करंट, दिला असेल तर त्या झिजत जातात. आरओ मशीनमध्ये वगैरे चुंबक आणि रीड स्विचवाले (चुंबक जवळ आलं की चालणारा स्विच) छोटे फ्लोट असतात, ते तिथे ठीक. आणि जुन्या पंप रूममध्ये एखादा पाऱ्याचा फ्लोट सापडला तर तो फोडू नका, भंगारवाल्यालाही देऊ नका, पारा विषारी आहे, मिनामाता करारात पाऱ्याच्या स्विचचं उत्पादन 2020 पर्यंत बंद करायचं ठरलं ते उगाच नाही, आणि आपली टाकी तर पिण्याच्या पाण्याची आहे.

एवढं सगळं करूनही एक फ्लोट कधी ना कधी अडकतोच, म्हणून वरच्या टाकीत त्याच्या वीतभर वर दुसरा लावा, वेगळ्या केबलवर, पाणी त्याच्यापर्यंत आलं की मोटर बंद करायची आणि भोंगा वाजवायचा. आणि असा दुसरा बंदोबस्त नीट चालतो का ते बघितलं नाही तर काय होतं त्याची दोन उदाहरणं डिसेंबर 2005 मधली आहेत, तीन दिवसांच्या अंतराने घडलेली.

11 डिसेंबरला इंग्लंडमध्ये बन्सफील्डच्या तेल डेपोत एका टाकीत पेट्रोल भरत होते. पातळी दाखवणारा गेज रात्री तीनच्या सुमारास एका आकड्यावर अडकला, टाकी मात्र भरतच होती. अशा वेळेसाठी वर स्वतंत्र हाय लेव्हल स्विच होता. त्या स्विचला टेस्ट करायची दांडी होती आणि ती बरोबर जागेवर धरून ठेवायला कुलूप लावायचं असतं, ते लावलेलंच नव्हतं, कारण कुलूप फक्त कोणी छेडछाड करू नये म्हणून आहे असा समज होता. कुलपाशिवाय स्विच निकामी होता. अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल बाहेर सांडलं आणि सकाळी सहा वाजता स्फोट झाला, 43 लोक जखमी झाले, रविवार होता म्हणून कोणी गेलं नाही.

14 डिसेंबरला अमेरिकेत मिसूरी राज्यात टॉम सॉक नावाच्या वीज प्रकल्पात, आपल्या घाटघरसारखाच, पाणी वर चढवायचं आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करायची, तिथे वरच्या तलावातले पातळी मोजणारे सेन्सर बांधलेल्या जागेवरून सुटले होते, त्यामुळे ते पातळी कमी दाखवत राहिले आणि पंप चालू राहिले. बॅकअपचे सेन्सर होते. पण ते इतके वर लावले होते की त्यांच्यापर्यंत पाणी पोचायच्या आधीच भिंतीच्या सगळ्यात खचलेल्या जागेवरून पाणी बाहेर पडायला लागलं, भिंत फुटली, अर्ध्या तासाच्या आत तलाव रिकामा झाला. खालच्या उद्यानाच्या अधिकाऱ्याचं घर बायकामुलांसकट वाहून गेलं, माणसं वाचली ते नशीब.

म्हणजे पैसे होते, इंजिनियर होते, दुसरा स्विचही होता. आमच्याकडे कंपनीत नियमच होता की सेफ्टीचा लेव्हल स्विच ठरलेल्या तारखेला खरोखर हलवून बघायचा, रजिस्टरला सही करायची, कागदावर ओके लिहून चालायचं नाही. सोसायटीला हे महिन्यातून एकदा पाच मिनिटांचं काम आहे. मोटर चालू असताना एकाने वर जाऊन झाकण उघडायचं, त्या टाकीतल्या दोन फ्लोटपैकी आधी खालचा कोरड्या काठीने उचलायचा, टिक वाजलं पाहिजे आणि खाली पंप रूममध्ये उभ्या असलेल्या दुसऱ्याने फोनवर सांगितलं पाहिजे की मोटर थांबली. मग तो सोडून वरचा वेगळा उचलायचा, भोंगा वाजला पाहिजे. मॅन्युअल-ऑटोचा स्विच परत ऑटोवर आहे ना ते बघून तारीख लिहायची. टाकी साफ करणाऱ्यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्येच हे टाकून घ्या, ते तसेही टाकी उघडतातच.

महापालिकांना माझी विनंती आहे की नवीन बिल्डिंगला पूर्णत्वाचा दाखला देताना अग्निशमनाची टेस्ट घेतात तशी वरच्या आणि खालच्या टाकीच्या फ्लोटची टेस्ट समोर घ्यावी आणि वायरिंगचा साधा नकाशा पंप रूमच्या दारावर लावायला सांगावा, कारण बिल्डर गेला, इलेक्ट्रिशियन बदलला की कुठली वायर कुठे जाते हे कोणालाच माहीत नसतं. आणि आपल्या पेपरने मार्चमध्ये, टंचाई सुरू व्हायच्या आधी, ही टेस्ट कशी करायची ते चित्रासकट एकदा छापावं. चित्र काढून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स टेक्निशियन,
ठाणे