कान कोरणे थांबवा

महोदय,
कानात केसांची पिन, आगकाडी घालू नका, हे सोलापूरच्या पूर्वभागातल्या बायकांना मी नर्स म्हणून नोकरीभर सांगत आले. आता त्यांची जागा कापसाच्या काडीने घेतली आहे, आणि मऊ म्हणून लोकांना ती निर्धोक वाटते. ती बराचसा मळ पडद्याकडेच ढकलते. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची. कोरताना मागून पोराचा धक्का लागला, तर पडदा फाटू शकतो.

मुळात मळ म्हणजे घाण नव्हे. नळीच्या बाहेरच्या भागातल्या ग्रंथी तो तयार करतात. तो किंचित आम्लधर्मी असल्याने जंतू आणि बुरशीला आवर बसतो, धूळही त्यातच अडकते. यंत्रमाग कामगारांच्या कानातल्या मळात सुताचे बारीक तंतू मी कितीदा पाहिलेत! नळीची कातडी आतून बाहेर सरकत असते, जेवताना जबडा हलतो, तसा मळ आपोआप बाहेर येतो. बाहेरचा कान ओल्या फडक्याने पुसला की झालं.

लसणाचं गरम तेल ओतणं बंद करा, तान्ह्या बाळाच्या कानात तर मुळीच नको. कान वाहत असेल, दुखत असेल, कमी ऐकू येत असेल तर डॉक्टरांकडेच जा. मधुमेह्यांनी अजिबात दिरंगाई करू नये.

रस्त्यावर सळईने कान कोरून देणाऱ्यांना महापालिकेने मज्जाव करावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त परिचारिका, सोलापूर