जप्ती किती किलोची ते कळते. कशाची, ते कळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘अमुक कोटींचे एमडी जप्त’ ही बातमी आता वाचकांच्या अंगवळणी पडली आहे. तिच्या शेवटी ‘शहराला अमली पदार्थांचा विळखा वाढला’ असे एक वाक्यही ठरलेले असते. विळखा वाढला असेलही. पण बातमीत जे आकडे छापले जातात, त्यांवरून तो वाढला, घटला की माल बदलला, यातले काहीच ठरवता येत नाही. आम्ही न्यायवैद्यक रसायनशास्त्र शिकवणारी मंडळी आहोत. या आकड्यांत काय असते आणि काय गळून जाते, एवढेच येथे सांगायचे आहे.

आधी कोटींचे पाहू. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी कक्षाने नालासोपाऱ्यात सुमारे ७०० किलो मेफेड्रोन (‘एमडी’ म्हणून विकला जाणारा अमली पदार्थ) पकडले. किंमत छापली गेली १,४०० कोटी. त्याच महिन्यात अंकलेश्वरच्या कारखान्यातून ५१३ किलो मिळाले. किंमत १,०२६ कोटी. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या कारवाईत कुरकुंभ, दिल्ली आणि सांगली मिळून पावणेदोन टनांच्या घरात माल सापडला. किंमत साडेतीन हजार कोटींच्या आसपास. भागाकार करून पाहा. तिन्ही वेळा किलोला दोन कोटी, म्हणजे ग्रॅमला २० हजार रुपये. दीड वर्षात दर तसूभर हलला नाही, याचा अर्थ बाजार स्थिर होता असा नाही. वजनाला दोनने गुणले गेले, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय हा दर गल्लीतल्या पुडीचा आहे आणि तो लावला आहे कारखान्यातल्या पिंपाला! भाजी मंडईतल्या ट्रकची किंमत हॉटेलातल्या थाळीच्या दराने काढावी, तसा हा प्रकार. खरा दर हवा असेल तर तो आरोपींच्या मोबाइलमधल्या संदेशांत आणि हिशेबाच्या वहीत असतो आणि दोषारोपपत्रात येतो. एक ग्रॅम कितीला गेला, हे तिथून वर्षागणिक काढता येते. दर उतरतो आहे आणि शुद्धता टिकून आहे, असे दिसले तर पुरवठा वाढला म्हणायला आधार मिळतो.

आता किलो. समजा, एखाद्या शहरात वर्षभरात दहा जप्त्या झाल्या: नऊ प्रत्येकी २० ग्रॅमच्या आणि दहावी १५० किलोची. एकूण वजन १५० किलो १८० ग्रॅम, सरासरी १५ किलोच्या वर. पुढच्या वर्षी २० ग्रॅमच्या तीस जप्त्या झाल्या आणि कारखाना एकही सापडला नाही, तर एकूण वजन ६०० ग्रॅम. मथळा काय येईल? ‘अमली पदार्थांत मोठी घट’. प्रत्यक्षात गल्लीतली विक्री तिपटीने सापडली आहे. म्हणून जप्त्यांची संख्या आणि वजन हे दोन रकाने कधी एकत्र करू नयेत. सरासरीऐवजी मध्यक घ्यावा, म्हणजे वजने चढत्या क्रमाने लावून मधले. कारखाना, वाहतूक आणि किरकोळ विक्री यांचे तक्तेही वेगळे ठेवावेत.

हा घोळ आपल्याकडेच होतो असे नाही. युरोपीय संघात कॅथिनोन गटाच्या, म्हणजे मेफेड्रोनच्या भाऊबंदांच्या, जप्त्यांचे वजन २०२१ मध्ये साडेचार टन होते. २०२२ मध्ये ते २६ टनांवर गेले. तिथल्या अमली पदार्थ संस्थेने हा आकडा देतानाच सांगितले की वाढ मोजक्या मोठ्या खेपांमुळे आहे आणि त्या खेपा मुख्यतः भारतातून आल्या. हा तपशील आपल्याकडच्या वाचकाने दोनदा वाचावा असा आहे. माल इथे बनतो आणि तो काय आहे याची नोंद मात्र नेदरलँड्समधली प्रयोगशाळा बारकाईने ठेवते.

त्या नोंदीतच खरी मेख आहे: पदार्थाचे नाव. ‘एमडी’ हे पोलिसी आणि बाजारू नाव आहे. बातमीत ते कधी मेफेड्रोन होते, कधी चक्क एमडीएमए (एक्स्टसी). हे दोन वेगळे पदार्थ आहेत. मेफेड्रोन म्हणजे ४-एमएमसी. बेंझिनच्या कड्यावरचा मिथाइल गट चौथ्या जागेवरून तिसऱ्या जागी गेला की होतो ३-एमएमसी, दुसऱ्या जागी गेला की २-एमएमसी. तिन्हींचे रेणूभार एकच, १७७. मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या, प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जीसी-एमएस यंत्रावर तिघांचे वर्णपट जुळ्या भावांसारखे दिसतात. यंत्राच्या संग्रहात मेफेड्रोनच आधी भरलेले असेल तर उत्तर मेफेड्रोन येण्याचीच शक्यता अधिक. फरक करायचा तर तिन्हींचे प्रमाणित नमुने शेजारी चालवून ते यंत्रातल्या स्तंभातून (लांब नळीतून) बाहेर पडायची वेळ ताडावी लागते, किंवा अवरक्त वर्णपट घ्यावा लागतो. हे नमुने परदेशातून मागवावे लागतात, महाग असतात आणि संपतात. युरोपात ३-एमएमसी आणि त्याच गटातल्या ३-सीएमसीवर २०२२ मध्ये बंदी आली आणि विक्रेते २-एमएमसीकडे वळले. असे वळण इथे आले तर आपल्या आकड्यांत ते दिसेलच याची खात्री देता येत नाही.

छाप्याच्या जागी वापरायच्या चाचणी पेटीवर तर याहून कमी विसंबावे. या पेटीत रंगावरून पदार्थ ताडतात: मार्क्विस द्रावणात एमडीएमए जांभळट काळा होतो, मेथॅम्फेटामिन नारिंगी-तपकिरी. मेफेड्रोन जवळपास रंगच देत नाही, फार तर फिकट पिवळा. गोव्यात ‘एलएसडी पेपर’ म्हणून पकडलेल्या तुकड्यांचेही तेच. एर्लिख द्रावणात जांभळा रंग आला तर एलएसडीचा संशय घ्यायला जागा आहे. रंगच आला नाही तर तो एनबीओएमई गटातला, कितीतरी अधिक घातक पदार्थ असू शकतो. पंचनाम्यात मात्र दोन्ही ‘एलएसडी सदृश’ होतात आणि बातमीत ‘सदृश’ गळतो. २०१५ मध्ये मुंबई-साताऱ्यात गाजलेल्या जप्तीतली भुकटी पुढे तपासणीत अजिनोमोटो निघाल्याच्या बातम्या जुन्या वाचकांना आठवत असतील. पहिली बातमी पानभर होती, दुसरी कोपऱ्यात.

शुद्धतेचा रकाना तर जवळजवळ बंदच झाला आहे, आणि त्याचे कारण अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्यात आहे. शिक्षा किती, हे तिथे मालाच्या प्रमाणावरून ठरते. मेफेड्रोनसाठी अल्प प्रमाण २ ग्रॅम आणि व्यावसायिक प्रमाण ५० ग्रॅम. हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये निकाल दिला की प्रमाण ठरवताना भेसळीसह पूर्ण वजन धरायचे. म्हणजे ६० ग्रॅम भुकटीत १० ग्रॅम मेफेड्रोन आणि उरलेले कॅफीन असले, तरी प्रकरण व्यावसायिकच. शिक्षेच्या दृष्टीने हे योग्य की अयोग्य, तो वकिलांचा वाद. आमच्या दृष्टीने परिणाम एवढा की सीए रिपोर्टमध्ये (रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात) ‘मेफेड्रोन आढळले’ लिहिले की खटल्याची गरज भागते. किती टक्के आढळले, हे मोजायला कामाच्या ढिगाऱ्याखाली दबलेला विश्लेषक का बसेल?

नमुना घेतानाही माहिती हरवते. या कायद्याखालच्या २०२२ च्या नियमांनुसार नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर, प्रत्येकी किमान ५ ग्रॅम, दोन प्रतींत घ्यायचे असतात. एकसारख्या पाकिटांचे दहा-दहाचे गट करता येतात. अडचण ‘एकसारख्या’ या शब्दाशी आहे. दहा पाकिटांतली भुकटी एकत्र कालवली की त्यातली दोन वेगळ्या घाण्यांची होती, हे कायमचे पुसले जाते. वजन पिशवीसह की पिशवीविना, हेही स्पष्ट लिहिलेले असावे. ४८ ग्रॅमच्या मालाला प्लॅस्टिकचे दोन-तीन ग्रॅम फार महाग पडू शकतात. जाता जाता, किरकोळ जप्त्यांची वजने ओळीने मांडली आणि ५० ग्रॅमच्या अलीकडे गर्दी दिसली, तर विक्रेत्याने कायदा वाचला आहे असे समजावे.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे यादी. मेफेड्रोन एनडीपीएस कायद्याच्या यादीत फेब्रुवारी २०१५ मध्ये आले. त्याआधीही ते मुंबईत विकले जात होते, पण त्या कायद्याखाली जप्ती शून्य, कारण पकडायला कलमच नव्हते. आलेखातला २०१५ नंतरचा उंच खांब पाहून ‘अचानक लाट आली’ म्हणणे चूक आहे. लाट होतीच, मोजपट्टी नंतर आली. आज यादीबाहेर असलेला पदार्थही असाच शून्य दिसतो. गुन्ह्यांची संख्या वाढली म्हणजे सेवन वाढले, हेही खरे नाही. विशेष मोहीम काढली की सेवनाचे गुन्हे वाढतात, बंदोबस्ताच्या दिवसांत घटतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग वैयक्तिक सेवनासाठी बाळगणे आणि तस्करी वेगवेगळे देतो. बातमीत दोन्हींची बेरीज करू नये.

यावर उपाय फार खर्चिक नाही. मुंबईत कलिन्याच्या मुख्य प्रयोगशाळेसह राज्यातल्या प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळांकडे नमुने येतातच. आरोपीचे नाव, गुन्हा क्रमांक वगळून दर तिमाहीला एक तक्ता प्रसिद्ध करता येईल: जप्तीचा महिना (अहवालाचा नव्हे), जिल्हा, निव्वळ वजन, भुकटी की खडे की गोळी, रासायनिक नाव, भेसळ कशाची. शुद्धता सगळ्यांची मोजणे जमणार नाही. दर दहा नमुन्यांमागे एकाची, चिठ्ठी टाकून, मोजली तरी पुरे. ओळख न पटलेले नमुने फेकून न देता ‘अनोळखी’ म्हणून त्याच तक्त्यात दाखवावेत. नवा पदार्थ पहिल्यांदा तिथेच दिसतो.

आपल्या बातमीदारांना एवढीच विनंती: पहिल्या दिवशी ‘मेफेड्रोन असल्याचा संशय’ असे लिहावे, कोटी शक्यतो गाळावेत, आणि डायरीत पंधरा दिवसांनंतरच्या पानावर त्या गुन्ह्याची नोंद करून ठेवावी. नियमाप्रमाणे प्रयोगशाळेचा अहवाल पंधरा दिवसांत येणे अपेक्षित आहे. त्या दिवशी तपास अधिकाऱ्याला फोन करून दोन प्रश्न विचारावेत: काय निघाले, आणि निघाले नसेल तर नमुना कुठे अडला आहे. उत्तर काहीही आले, तरी ते मूळ बातमी ज्या पानावर होती त्याच पानावर छापावे.

आपले,
न्यायवैद्यक रसायनशास्त्राचे काही अध्यापक, पुणे