गोळ्या मोजल्या, अंडी कोण मोजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय जंतनाशक दिन झाला की दोन-चार दिवसांत ठरलेली बातमी येते. इतक्या हजार बालकांना गोळ्या दिल्या, उद्दिष्ट पूर्ण झालं, तालुका 'जंतमुक्त'. यातला शेवटचा शब्द मला दरवेळी खटकतो. मी रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत निवृत्तीपर्यंत तंत्रज्ञ होते आणि शौचाच्या नमुन्यांच्या स्लाइड बघण्यात माझी बरीच नोकरी गेली. गोळी किती मुलांनी गिळली, हे शाळेच्या नि अंगणवाडीच्या रजिस्टरवरून कळतं. पोटातल्या जिवंत जंताची अंडी शौचात उतरतात, म्हणून जंत मेला का, हे शौच तपासल्याशिवाय कळत नाही. तपासणी न करता रजिस्टरच्या आकड्यावर 'जंतमुक्त' छापू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते, गोळी द्यायलाच हवी. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी चुरडून. औषध स्वस्त आहे, सुरक्षित आहे, आणि आशाताई व अंगणवाडीसेविका ते वाडीवाडीवर पोचवतात, याचं मोल मला ठाऊक आहे. पण ही एक गोळी सगळ्या जंतांवर सारखी चालत नाही. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१७ साली अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. एका मात्रेने मोठ्या गोल जंताचे सुमारे ९६ टक्के रुग्ण बरे झाले, हुकवर्म नावाच्या बारीक जंताचे जवळपास ८० टक्के, आणि चाबकाच्या आकाराच्या चाबूककृमीचे जेमतेम ३१ टक्के. त्याच आढाव्यात चाबूककृमी बरा होण्याचं प्रमाण १९९५ मधल्या सुमारे ३९ टक्क्यांवरून २०१५ मध्ये १६ टक्क्यांवर आल्याचं दिसतं. म्हणजे गोळी तीच, पण तिचा गुण उतरत चालला आहे. आपल्याकडे तो किती उतरला, हे मोजलं तरच कळेल.

आयांचा एक प्रश्न मी कायम ऐकला. "मॅडम, गोळी दिली पण जंत पडला नाही, मग लागू पडली का?" मोठा गोल जंत वीतभर असतो, तो पडला तर दिसतो. हुकवर्म सेंटिमीटरभर लांबीचा, धाग्यासारखा बारीक. तो आतड्याला चिकटून रक्त पितो आणि मेला तरी कुणाच्या नजरेस येत नाही. आमच्या कोकणात लावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उभ्या राहणाऱ्या बायांच्या आणि पोरांच्या पायांतून त्याच्याच अळ्या शिरतात. हिमोग्लोबिन सात-आठवर आलेलं असतं आणि दम लागतो म्हणून बाई दवाखान्यात येते. तेव्हा जंत पडला की नाही, यावरून काही ठरवता येत नाही.

आता मोजायचं कसं? समजा, शाळेतल्या १०० मुलांचे नमुने गोळीपूर्वी तपासले आणि ३० जणांत हुकवर्मची अंडी सापडली. गोळीनंतर दोन-तीन आठवड्यांनी त्यातल्या १२ जणांत अंडी अजून दिसतात. बरे झाले ३० पैकी १८, म्हणजे ६० टक्के. गोळीपूर्वीची तपासणी नसेल तर हाच निकाल '१०० पैकी ८८ मुलं जंतमुक्त' असा कागदावर चढतो, आणि ज्या ७० जणांना जंत नव्हतेच त्यांचंही श्रेय गोळीला मिळतं. राज्यात प्रादुर्भावाची सर्वेक्षणं झाली आहेत, ती उपयोगीच आहेत. पण गावात शौचालयं झाली, पोरांच्या पायात चपला आल्या, तरीही प्रादुर्भाव घटतो. गोळीचा गुण वेगळा काढायचा तर त्याच मुलाला आधी आणि नंतर तपासावं लागतं.

अंडी नुसती आहेत की नाहीत एवढं पाहूनही भागत नाही, ती मोजायची असतात. काटो-काट्झ पद्धतीत शौच जाळीतून गाळून साच्याच्या भोकात भरतात. ते बरोबर ४१.७ मिलिग्रॅम भरतं. त्यावर ग्लिसरीनमध्ये भिजवलेली सेलोफेनची पट्टी ठेवून दाबायची, दिसलेली अंडी मोजून २४ ने गुणायची, की एका ग्रॅममधला आकडा मिळतो. गोळीपूर्वी २४०० अंडी असलेल्या मुलाची नंतर १२० झाली, तर तो 'बरा' या रकान्यात बसत नाही. पण अंडी ९५ टक्क्यांनी घटली आहेत, रक्त जाणं कितीतरी कमी झालं आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना औषधाचा गुण अंडी किती घटली यावर जोखते. अल्बेंडाझोलकडून तिची अपेक्षा गोल जंतासाठी किमान ९५, हुकवर्मसाठी ९० आणि चाबूककृमीसाठी ५० टक्के घट अशी आहे.

यात एक खोच आहे, ती स्लाइडवर बसलेल्यालाच कळते. हुकवर्मच्या अंड्याचं कवच फार पातळ. ग्लिसरीनमध्ये ते पारदर्शक होत जातं आणि अर्ध्या-पाऊण तासात दिसेनासं होतं, उन्हाळ्यात तर त्याहून लवकर. सकाळी गावात स्लाइड तयार केल्या, एसटीने तालुक्याला आणल्या आणि जेवणानंतर पाहिल्या, तर गोल जंताची अंडी तशीच असतात, हुकवर्मची गेलेली असतात. अहवालात मात्र 'आढळले नाही' असं जातं. अंडी सगळ्या शौचात सारखी पसरलेलीही नसतात. म्हणून एका मुलाच्या एकाच स्लाइडवर भिस्त ठेवू नये, आणि मायक्रोस्कोप गावातच न्यावा.

शेळ्या-मेंढ्यांच्या डॉक्टरांना ही अंडी मोजण्याची पद्धत जुनी आहे. मेंढ्यांच्या जंतांनी याच गटातल्या औषधांना अनेक देशांत दाद देणं सोडलं, तेव्हापासून ते कळपातली लेंडी औषधाआधी आणि औषधानंतर तपासतात. आपल्या लेकरांसाठी तेवढं तरी व्हावं.

सगळा जिल्हा तपासा असं मी म्हणत नाही. प्रत्येक तालुक्यातल्या दोन शाळा पुरतील, आणि पावसाळी भातशेतीच्या भागातली एक त्यात असावी. मायक्रोस्कोप आहेत, मलेरियाच्या स्लाइड पाहणारे तंत्रज्ञ आहेत. अडचण येते ती नमुन्याची. मोठ्या वर्गातल्या मुली लाजतात, डब्या रिकाम्या परत येतात. डबी वर्गात सगळ्यांसमोर न वाटता आशाताईंनी आदल्या संध्याकाळी आईच्या हाती द्यावी, नमुने नक्की येतात. गोळीआधीचा नमुना हुकला तर सगळंच वाया जातं, म्हणून तयारी फेरीच्या महिनाभर आधीच लागायला हवी.

आणि आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या वेळी उद्दिष्टपूर्तीचं पत्रक हाती आलं, की आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा, गोळीआधी किती मुलांत अंडी होती, कोणत्या जंताची, आणि नंतर किती घटली? उत्तर मिळालं तर ते छापा. नाही मिळालं तर 'गोळ्या वाटल्या' एवढंच छापा.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
लांजा, जि. रत्नागिरी