रॅम्प कोण उघडणार?

सॅन फ्रान्सिस्को

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती ठीक, साखर आटोक्यात. काल वेमो कंपनीच्या विनाचालक टॅक्सीतून मी, अंध माणूस, एकटा बाजारात जाऊन आलो, आणि हे तुझ्याशिवाय कोणाला सांगावेसेच वाटत नाही. फोनवरून गाडीला हॉर्न वाजवायला लावला, आवाजाच्या रोखाने गेलो, दाराचे हँडल चाचपले आणि आत बसलो. "बरोबर कोणी नाही का?" असे विचारायला पुढे कोणीच नव्हते. हा प्रश्न आपण किती रिक्षांत ऐकला आहे! तू दिशा सांगायचास, मी तुझी चाकांची खुर्ची ढकलायचो, आणि खड्ड्याचा दोष दोघेही नगरपालिकेला द्यायचो.

२०१५ साली ऑस्टिनमध्ये स्टीव्ह मॅहन हे अंध गृहस्थ स्टिअरिंगच नसलेल्या गुगलच्या गाडीतून एकटे फिरले, ती बातमी ऐकून तू म्हणाला होतास, "तुझी सोय झाली, माझी खुर्ची आत कोण घेणार?" त्यावरून आपण माईंसमोर जेवण सोडून भांडलो होतो.

तुझा तो प्रश्न मला काल परतीच्या वाटेवर फार छळत होता. तुझी घडी न होणारी विजेची खुर्ची या गाडीत चढणार नाही. रॅम्पची गाडी मागवता येते, पण ती माणूस चालवतो. कारण रॅम्प उघडणे, खुर्ची चार ठिकाणी पट्ट्यांनी आवळणे, उतरताना त्या सोडणे ही सगळी कामे चालकच करत असतो, आणि त्याला काढायचे तर ती तुला एकट्याला करता येतील अशीच गाडी मुळातून घडवायला हवी. जनरल मोटर्सच्या क्रूझ कंपनीने २०२३ साली खुर्चीसकट चढता येईल अशी विनाचालक गाडी दाखवली होती. डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने क्रूझच्या टॅक्सीसेवेसाठी पैसा देणेच थांबवले. "आधी गाड्या धावू देत, रॅम्पचे मग पाहू" हे मला मुळीच मान्य नाही. जुलै १९७८ मध्ये डेन्व्हरला एकोणीस अपंग कार्यकर्त्यांनी खुर्चीसकट चढता यावे म्हणून भर चौकात बस अडवून धरल्या होत्या, आणि नव्या सार्वजनिक बसना लिफ्ट किंवा रॅम्प देशभर सक्तीचा झाला तो १९९० च्या अमेरिकी अपंग हक्क कायद्याने. इतकी वर्षे पुन्हा तुम्ही का थांबायचे?

नव्या नोकरीबद्दल अभिनंदन. वहिनींना नमस्कार, चिंगीला आशीर्वाद. मेमध्ये येण्यापूर्वी खुर्चीची लांबी, रुंदी आणि वजन नक्की कळव, म्हणजे रॅम्पच्या गाडीची चौकशी मी आधीच करून ठेवीन.

तुझा,
विनायक