फोटोखाली नाव कुणाचे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पहिल्याच पानावर नंदीबैलवाल्याचा मोठा रंगीत फोटो आला आहे. सकाळचा तिरपा उजेड झुलीवर पडलेला, झुलीवरची भिंगे चमकताहेत, शिंगांना लोकरीचे गोंडे, गळ्यात कवड्यांची माळ, आणि शेजारी खांद्याला ढोल अडकवलेला म्हातारा थेट आपल्याकडे बघतो आहे. मी बत्तीस वर्षे तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवला. माणूस आणि जनावर दोघांचेही डोळे एकाच क्षणी पकडणे किती अवघड असते हे मला ठाऊक आहे, म्हणून फोटोग्राफरचे आधी मनापासून कौतुक करतो. पण खाली ओळ काय, तर ‘लोप पावत चाललेली परंपरा’. कोपऱ्यात फोटोग्राफरचे नाव. म्हाताऱ्याचे नाव नाही, गाव नाही. बैलाचे तर नाहीच.

पत्र लिहायला बसलो तो एवढ्यासाठीच, कारण हीच चूक मीही केली होती.

आमच्याकडे सुगी आटोपली की नंदीवाले यायचे. ओढ्याकाठी त्यांची पाले पडत. त्यांतले एक बाबा दर वर्षी स्टुडिओच्या दारात बैल उभा करून ढोलावर काठी घासत आणि गुबूगुबू आवाज काढत. “औंदा पाऊस पडंल का?” बैल मान हलवायचा. “फोटोवाल्या दादाचं लगीन हुईल का?” बैल पुन्हा मान हलवायचा. बायका हसायच्या आणि सुपातून जोंधळे यायचे. १९८७ साली मी म्हटले, बाबा, तुमचा एक फोटो काढतो. माझ्याकडे दोन भिंगांचा यशिका होता. एका रोलमध्ये बारा फोटो बसत, तेव्हा हौसेसाठी त्यातले दोन खर्च करणे जिवावर यायचे. “तेवढा लखलखाट नगं, बुजंल त्यो,” बाबा म्हणाले. मी फ्लॅश काढून ठेवला. त्यांनी बैलाच्या वशिंडावर हात ठेवला, त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. त्याचे कान पुढे आले आणि तो उभा राहिला तो हललाच नाही. माणसाचा हात अंगावर असला की जनावर शांत उभे राहते, हे मी त्या दिवशी शिकलो.

डार्करूममध्ये मात्र मी फक्त चेहरा मोठा केला. पटका, सुरकुत्या, डोळे. बैल कापून टाकला. त्या फोटोला एका स्पर्धेत बक्षीसही मिळाले. पुढच्या सुगीला बाबा आले तेव्हा मोठ्या उत्साहाने तो त्यांच्या हाती दिला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारले, “ह्यो मी. शंभू कुठं गेला?” मी समजावू लागलो की चेहरा जवळून चांगला दिसतो वगैरे. ते म्हणाले, “शंभूबिगर मला कोण वळखतंय, दादा?” आणि फोटो त्यांनी टेबलावर परत ठेवला. त्याच संध्याकाळी मी अख्खी निगेटिव्ह छापली. ती प्रत त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून झोळीत ठेवली. पुढे काही वर्षांनी एकटा मुलगाच आला, सोबत कोवळा खोंड. फोटोचे कोपरे झिजून गेले होते. त्याला दुसरी प्रत काढून हवी होती. बाबांचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण आता त्यांना विचारता येणार नाही.

भटक्या माणसांचे चेहरे टिपायचे आणि नावे सोडून द्यायची, ही खोड आपल्याकडे कॅमेऱ्याबरोबरच आली. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या लोकांच्या छायाचित्रांचे आठ खंड छापले. त्यांत बहुतेक चेहऱ्यांखाली जातीजमातीचे नाव आहे, माणसाचे नाही. ते खंड निघत असतानाच, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि फिरत्या जमातीच्या जमाती जन्मतः संशयित ठरल्या. कायदा १९५२ साली गेला. संशय गेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली ही माणसे मुले पळवणारी टोळी ठरली, कारण तशा अफवा आधीच मोबाइलवर फिरत होत्या. ज्यांना कुणी नावाने ओळखत नाही, त्यांच्याबद्दल काहीही पसरवता येते. म्हणून निनावी फोटोची मला धास्ती वाटते. ‘परंपरा’ म्हणून छापलेला चेहरा उद्या कुणी कुठल्या मजकुराखाली डकवील, सांगता येत नाही.

नाव देणे अशक्य नसते. पीटर ह्यूगो या दक्षिण आफ्रिकी छायाचित्रकाराने २००५ साली नायजेरियात तरस घेऊन गावोगाव खेळ करणाऱ्या माणसांबरोबर राहून, फिरून त्यांचे फोटो काढले आणि २००७ मध्ये तो पुन्हा त्यांच्याकडे गेला. त्या फोटोंखाली माणसाचे नाव आहे, गावाचे आहे आणि तरसाचेही आहे. एका तरसाचे नाव जमिस, दुसऱ्याचे मैनासारा. तरसाच्या तोंडाला जाळी आणि गळ्यात जाड साखळी आहे, तीही लपवलेली नाही.

साखळीबद्दलही स्पष्ट लिहायला हवे. लहानपणी आमच्या आळीत दरवेशी अस्वल घेऊन यायचा. अस्वलाच्या नाकातून ओवलेली दोरी आणि ती ओढली की त्याचे आपोआप उभे राहणे मी विसरलेलो नाही. १९९८ साली केंद्राने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी आणली ती योग्यच होती. २०११ मध्ये त्या यादीत बैलही आला. तेव्हा वेसण दिसू नये म्हणून कोन बदलणारा फोटोग्राफर मला पटत नाही, आणि नुसत्या वेसणीचा फोटो काढून त्या माणसाला क्रूर ठरवणाराही पटत नाही. शंभूला वेसण होती. बाबा भाकरीचा पहिला तुकडा त्यालाच देत, हेही मी पाहिले आहे. दोन्ही एकाच फोटोत मावते, फ्रेम थोडी मोठी ठेवावी लागते.

खेळ बंद झाले, माणसे उरली. नंदीवाले, तिरमल हे आपल्या राज्यात भटक्या जमातींच्या यादीत आहेत. पण जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्याच्या बापाचे गाव दर आठवड्याला बदलत होते, त्याने तो कुठून आणायचा? अशा माणसाचा फोटो आपण अर्धे पान भरून छापतो आणि साधे नाव विचारत नाही.

माझी विनंती छोटी आहे. अशा फोटोंसाठी आधी त्या माणसाला विचारावे, तो फोटो कुठे छापला जाणार हे सांगावे आणि त्याची हरकत नसेल तर त्याचे व जनावराचे नाव ओळीत द्यावे. त्या रविवारच्या फोटोची एक प्रत त्या म्हाताऱ्या बाबांपर्यंत पोहोचवावी. ठावठिकाणा नसेल तर जिथे फोटो काढला तिथेच सुगीनंतर चौकशी करावी, पाले बहुधा ठरल्या जागीच पडतात. प्रतीचा आणि टपालाचा खर्च मी आनंदाने देईन. बैल कापू नये. आणि प्रत प्लास्टिकच्या आवरणात द्यावी, झोळीत ठेवली की पावसात भिजते.

आपला,
एक निवृत्त फोटोग्राफर
खटाव तालुका, जि. सातारा